कुत्र्याने नको ते खाल्लं तर: घड्याळ, वजन आणि पाकीट

मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते. डॉक्टर आत पेशंट बघत असले की फोन माझ्याकडे असतो. कुत्र्याने घरातलं नको ते खाल्ल्याचे फोन वर्षभर येतात आणि त्यातलं एक वाक्य मला पाठ झालंय: "ताई, खाल्लंय खरं, पण अगदी मजेत आहे. शेपूट हलवतोय. संध्याकाळपर्यंत वाट बघू का?"

वाट बघू नका, असं मी दर वेळी सांगते. पण का, ते घाबरलेल्या माणसाला फोनवर नीट समजावता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आपल्याला चालणारा पदार्थ कुत्र्याला बाधतो, तेव्हा त्याचं शरीर लगेच तक्रार करतंच असं नाही. प्रत्येक पदार्थाची वेळ वेगळी. शुगर फ्री पदार्थांत गोडव्यासाठी घालतात ते झायलिटॉल अर्ध्या तासात आडवं करू शकतं. चॉकलेटचा त्रास दिसायला सहा ते बारा तास जातात. द्राक्षं किंवा बेदाण्यांनी मूत्रपिंडं कामातून जायला एक ते तीन दिवस लागतात. कांद्याने रक्त कमी झालेलं लक्षात यायला तर चार-पाच दिवसही. आणि पोटातलं उलटीवाटे बाहेर काढायला सगळ्यात उपयोगाचे असतात ते पहिले एक-दोन तास. म्हणजे कुत्रा मजेत दिसतो, तीच उपचाराची वेळ. लक्षणं दिसेपर्यंत बरंचसं रक्तात उतरलेलं असतं. मग सलाईन, दाखल करणं, पुन्हा पुन्हा रक्त तपासणं, हे सगळं ओघाने आलंच.

फोन लावताना हाताशी काय हवं

मी चार गोष्टी विचारते: काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता खाल्लं, आणि कुत्र्याचं वजन किती. पहिल्या तिन्हींची उत्तरं कशीबशी मिळतात. वजनाला मात्र "मध्यम आहे हो, फार मोठा नाही" असं उत्तर येतं. विषबाधेचा सगळा हिशोब किलोमागे किती गेलं यावर चालतो, त्यामुळे "मध्यम" या उत्तराचं डॉक्टरांना काहीच करता येत नाही. घरी वजनकाटा असेल तर कुत्र्याला उचलून घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा, आणि वजाबाकी करा. उचलता येण्यासारखा नसेल तर पुढच्या लसीच्या वेळी दवाखान्यातल्या काट्यावर उभा करा आणि आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पिल्लू असेल तर हा आकडा दर महिन्याला बदलतो, हेही लक्षात ठेवा.

पाकीट फेकू नका. चावलेलं, फाटलेलं, लाळेने भिजलेलं असलं तरी पिशवीत घालून सोबत आणा. घटकांची यादी त्यावरच असते, आणि तुकडे जुळवून बघितले की किती गेलं याचा अंदाज येतो. नक्की किती खाल्लं ते कळत नसेल तर पाकिटावरचं वजन धरा, त्यातून जमिनीवर सापडलेलं वजा करा, उरलेलं सगळं पोटात गेलं असं समजा. घरात दोन कुत्री असतील आणि कोणी खाल्लं ते पाहिलं नसेल, तर दोघांनीही सगळंच खाल्लं असं धरून दोघांना घेऊन या. हे जरा अतीच वाटतं, पण कमी धरण्यापेक्षा ते परवडतं.

"शुगर फ्री" लिहिलेलं काहीही

चॉकलेट वाईट हे आता बहुतेकांना माहीत असतं. झायलिटॉलचं नाव मात्र अजूनही पुष्कळांनी ऐकलेलं नसतं, म्हणून मी ते सगळ्यांत आधी सांगते. ही गोड चवीसाठी वापरलेली साखरेची बदली आहे. आपल्या शरीरात तिने इन्सुलिन फारसं हलत नाही. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र तिला खरी साखर समजतं आणि भराभर इन्सुलिन सोडतं. रक्तातली साखर कोसळते. कुत्रा झोकांड्या खातो, गळून पडतो, झटके येतात. वजनाच्या दर किलोमागे ०.१ ग्रॅम गेलं तरी साखर उतरू शकते. ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृताला धोका, आणि तो एक ते तीन दिवसांनी समोर येतो.

हिशोब करून बघा. पाच किलोच्या कुत्र्याला अर्धा ग्रॅम पुरे. च्युइंगगमच्या एकेका गोळीत कंपनीनुसार पाव ग्रॅमपासून ग्रॅमभरापर्यंत झायलिटॉल असू शकतं. म्हणजे एक-दोन गोळ्यांत काम होतं. गम न चावता गिळला असेल तर तो हळूहळू सुटतो आणि लक्षणं बारा तासांपर्यंतही लांबू शकतात.

एका बाईंची पर्स सोफ्यावर राहिली होती आणि त्यांच्या छोट्या स्पिट्झने त्यातलं गमचं पाकीट काढलं होतं. फोनवर त्या शांत होत्या. म्हणाल्या, खेळून दमलाय, आता झोपलाय. मी त्यांना म्हटलं, त्याला हाक मारून उभा करा, मी थांबते. तो उठला, दोन पावलं टाकली आणि मागचे पाय बाजूला घसरले. त्या तशाच त्याला घेऊन निघाल्या. आल्या आल्या साखर तपासली, खूप खाली होती. लगेच शिरेतून ग्लुकोज सुरू केलं, रात्रभर थोड्या थोड्या वेळाने साखर मोजत राहिलो आणि पुढचे काही दिवस यकृताच्या तपासण्या केल्या. तो वाचला. तेव्हापासून असा "झोपलाय" म्हणणारा फोन आला की मी आधी त्याला उभा करायला सांगते.

झायलिटॉल कुठे कुठे असतं: शुगर फ्री गम आणि गोळ्या, माउथ फ्रेशनर, टूथपेस्ट, माउथवॉश, चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, काही पातळ औषधं, साखर न घातलेले केक-बिस्किटं, आणि काही पीनट बटरमध्ये. शेवटचं नाव पुन्हा वाचा, कारण कुत्र्याला औषधाची गोळी द्यायला लोक पीनट बटरच वापरतात. लेबलवर ते झायलिटॉल, बर्च शुगर किंवा ई ९६७ अशा कुठल्याही नावाने असू शकतं. नुसतं "नैसर्गिक गोडवा" असं लिहिलं असेल तर मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय बरणी उघडू नका. एरिथ्रिटॉल किंवा स्टीव्हियाने इन्सुलिनचा हा प्रकार होत नाही, फार तर पोट बिघडतं.

चॉकलेट, कोको, कॉफी

चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन हे कॅफीनच्या जातीचं द्रव्य असतं, थोडं कॅफीनही. आपण ते काही तासांत निकालात काढतो. कुत्र्याच्या रक्तातलं थिओब्रोमिन निम्मं व्हायलाच साधारण साडेसतरा तास लागतात, त्यामुळे त्रास दोन-तीन दिवसही चालू राहू शकतो.

कुठलं चॉकलेट, यावर सगळं अवलंबून आहे. मिल्क चॉकलेटमध्ये दर ग्रॅमला सुमारे २ मिलिग्रॅम थिओब्रोमिन असतं, डार्कमध्ये ५ च्या आसपास आणि कोकोचं प्रमाण वाढेल तसं जास्त. केकसाठी वापरतात त्या बिनसाखरेच्या बेकिंग चॉकलेटमध्ये १४-१५, आणि कोको पावडरमध्ये २० च्याही वर. व्हाइट चॉकलेटमध्ये जवळजवळ नाहीच. किलोमागे २० मिलिग्रॅमला उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा, सारखं पाणी पिणं सुरू होतं. ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात. ६० ला झटके येऊ शकतात.

आता १०० ग्रॅमचा डार्क चॉकलेटचा बार घ्या. त्यात अंदाजे ५०० मिलिग्रॅम. आठ किलोच्या कुत्र्याने तो संपवला तर किलोमागे ६२ होतात, म्हणजे थेट झटक्यांच्या पट्ट्यात. तोच बार तीस किलोच्या लॅब्रॅडॉरने खाल्ला तर १७ च्या आसपास. तेवढाच मिल्क चॉकलेटचा बार आठ किलोवाल्याने खाल्ला तर २५. म्हणून "थोडंसं चॉकलेट खाल्लं" एवढ्यावर मला काहीच सांगता येत नाही. कुठलं आणि किती ग्रॅम, ते हवं. आणि हा हिशोब घरी करून आकडा कमी आला म्हणून गप्प बसू नका, तोच आकडा डॉक्टरांना सांगा आणि ठरवणं त्यांच्यावर सोडा. वयस्कर किंवा हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्याला कमी मात्राही जड जाते.

उपचार चालू असताना डॉक्टर कुत्र्याला सारखं लघवीला न्यायला सांगतात. थिओब्रोमिन लघवीत उतरतं आणि लघवी साठून राहिली तर तिथूनही पुन्हा रक्तात शोषलं जातं, म्हणून. कॉफीच्या बिया, कॉफी पावडर, चहापत्ती, एनर्जी ड्रिंक, कॅफीनच्या गोळ्या, सगळं याच माळेतलं. गाळून उरलेला चोथाही त्यात आला, कारण तो कचऱ्यात उघडा पडलेला असतो.

द्राक्षं, बेदाणे, मनुका

इथे आकडा देता येत नाही. कुठलंही प्रमाण सुरक्षित धरू नका. एखादा कुत्रा वाटीभर द्राक्षं खाऊन धडधाकट राहतो आणि दुसऱ्याची मूत्रपिंडं थोड्याशा बेदाण्यांनी बंद पडतात. "आमच्या आधीच्या कुत्र्याला काही झालं नव्हतं" हे मी फार ऐकते आणि ते खरंही असतं. पण या कुत्र्याचं काय होईल ते त्यावरून सांगता येत नाही.

कारण बरीच वर्षं कोणाला सापडत नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पावडर) घातलेली घरगुती खेळण्याची माती खाल्लेल्या कुत्र्याला आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांनाही असाच मूत्रपिंडाचा त्रास झालेला त्यांनी पाहिला. या दोन्हींत आणि द्राक्षांत हे आम्ल असतं. द्राक्षाच्या जातीनुसार आणि पिकण्यानुसार ते कमी-जास्त होतं, त्यामुळे एकाला बाधलं आणि दुसऱ्याला नाही, याचाही थोडा उलगडा होतो. म्हणून माझ्या यादीत आता चिंच आणि क्रीम ऑफ टार्टरही आहे.

फसवं काय, तर खाल्ल्यावर पहिल्या दिवसात एखाद-दुसरी उलटी होते, मग कुत्रा सावरल्यासारखा वाटतो. घरच्यांना वाटतं, उलटीतून निघून गेलं. दोन दिवसांनी तो खात नाही, खूप पाणी पितो, मग लघवी कमी होत जाते. तोपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं असतं. वेळेत आणलं तर पोट रिकामं करून साधारण दोन दिवस सलाईन देतात आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या पुन्हा करतात. पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून दुसरी तपासणी चुकवू नका. पहिल्या दिवसाचा रिपोर्ट चांगला येणारच असतो. बेदाणे घातलेला ब्रेड, केक, बिस्किटं, सुकामेव्याची पाकिटं, सगळं यात धरा. शिजवल्या-भाजल्याने धोका जात नाही.

कांदा-लसूण

यातली गंधकयुक्त द्रव्यं तांबड्या पेशींना इजा करतात, पेशी फुटतात आणि कुत्र्याचं रक्त कमी होतं. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा एकदम गेला की रक्तात बदल दिसू लागतात. म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला मध्यम कांद्याचा मोठा भाग पुरतो. लसूण कांद्यापेक्षा कितीतरी तीव्र. वाळवलेली पावडर त्याहून भरीव, कारण पाणी निघून गेलेलं असतं. शिजवून, तळून, भाजून काहीही फरक पडत नाही. आकिता आणि शिबा या जपानी जातींना हा त्रास जास्त होतो.

मला जास्त काळजी वाटते ती रोजच्या थोड्या थोड्याची. आपल्या ताटातलं उरलेलं कुत्र्याला घालायची सवय असते. कांद्याचे तुकडे बाजूला काढून रस्सा दिला जातो, पण कांद्याचा अंश रश्शात उतरलेलाच असतो. असं रोज चाललं तर पेशी भरून यायला वेळच मिळत नाही. मग कधीतरी कुत्रा जिन्यावर दमायला लागतो, हिरड्या फिकट दिसतात, लघवी लालसर-तपकिरी होते, आणि घरच्यांना एकही "खाल्लेला प्रसंग" आठवत नाही. पाकिटातलं सूप, मसाला घातलेल्या चिप्स, लहान बाळांचं तयार जेवण यांतही कांद्या-लसणाची पावडर असते. आजारी कुत्र्याला मऊ म्हणून बाळाचं जेवण देणार असाल तर लेबल वाचा.

बाकीचं थोडक्यात

मॅकाडेमिया नट्सनी मागच्या पायातली ताकद जाते, थरथर होते, ताप येतो. बारा तासांत दिसतं आणि बहुधा दोन दिवसांत निवळतं. तरी दाखवा, कारण हे नट्स पुष्कळदा चॉकलेटबरोबरच असतात. यीस्ट घातलेलं कच्चं पीठ उबदार पोटात फुगत राहतं आणि त्यातून अल्कोहोलही तयार होतं, त्यामुळे फुगणं आणि नशा असं दुहेरी संकट. दारूचा एक घोटही गमतीने देऊ नका. खूप चरबीचं, तळलेलं, मांसाची कातडी यांनी स्वादुपिंडाला सूज येते. कुत्रा पाठ वर काढून उभा राहतो, पोटाला हात लावू देत नाही. मिनिएचर श्नाउझरना हे लवकर होतं.

शिजवलेलं हाड देऊ नका. शिजल्यावर ते ठिसूळ होतं आणि टोकदार तुकडे घशात, आतड्यात रुततात. मक्याचं कणीस आणि आंब्या-पीचसारख्या फळांच्या कोयी विषापेक्षा आतड्यात अडकण्यासाठी वाईट. बुरशी आलेलं जेवण कुत्र्यासाठी म्हणून बाजूला काढू नका. काही बुरशींच्या विषाने अंगाला कंप सुटतो, झटके येतात. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण हवं, हे त्यासाठीही.

उलट, काही गोष्टींना लोक उगाच घाबरतात. सफरचंदाच्या दोन बिया गेल्या म्हणून धावू नका. अॅव्होकॅडोच्या गराने कुत्र्यांना सहसा विषबाधा होत नाही, धोका त्याच्या कोयीचा आणि तेलकटपणाचा. दूध विष नाही, पण पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही आणि जुलाब होतात.

घरी काय करू नका

मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. हा उपाय अजून तोंडोतोंडी फिरतो आणि त्याने नवीनच विषबाधा होते, रक्तातलं सोडियम वाढून मेंदूवर परिणाम होतो आणि झटके येऊ शकतात. घशात बोटं घालू नका. दूध, तेल, तूप यांनी विष उतरत नाही. गुंगीत असलेल्या किंवा झटके येत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची तर उलटी डॉक्टरही जपूनच काढतात. दुखत असेल म्हणून आपली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, ती कुत्र्याला स्वतःच विष आहेत. झायलिटॉल खाल्लेला कुत्रा लडखडत असेल तर डॉक्टरांना फोनवर विचारून हिरडीला मध किंवा साखरेचं पाणी चोळत या, पण येणं थांबवू नका. विष शोषून घेण्यासाठी देतात ती कोळशाची पूड घरात असली तरी स्वतःहून देऊ नका. झायलिटॉलला तिचा फारसा उपयोगही होत नाही.

एक गोष्ट मात्र आजच शिका, कुत्रा निरोगी असताना. वरचा ओठ उचला, सुळ्याच्या वरच्या हिरडीवर अंगठा दाबा आणि सोडा. पांढरा डाग पडतो आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. हिरडी काळी असेल तर खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहा. तुमच्या कुत्र्याचा नेहमीचा रंग डोळ्यांत बसला असेल तर फिकट, विटकरी किंवा निळसर झालेला लगेच कळतो, आणि फोनवर तुम्ही मला ते सांगू शकता.

मग द्यायचं काय

बिया काढलेलं सफरचंद, गाजर, काकडी, उकडलेला भोपळा, उकडलेलं रताळं, फरसबी, बिया काढलेलं कलिंगड, मीठ-मसाला-हाड नसलेली उकडलेली कोंबडी, साधा भात. लहान तुकडे करून. असा वरचा खाऊ दिवसभराच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, नाहीतर कुत्रा स्वतःचं जेवण सोडतो.

पर्स आणि दप्तरं खुंटीवर, औषधं बंद कपाटात, फळांची टोपली ओट्याच्या आतल्या बाजूला. लहान मुलांना "कुत्र्याला काही देऊ नको" सांगून भागत नाही, त्यांना द्यायचंच असतं. पाहुण्यांचंही तसंच, नको म्हटलं तर टेबलाखालून देतात. फ्रीजमध्ये गाजराच्या तुकड्यांचा एक डबा ठेवा आणि कोणाचा हात ताटाकडे गेला की तो डबा पुढे करा.